करंजघोलचं चोरीला गेलेलं भांडण

सरनोबत साहेबांच्या केबिनच्या दारावरच्या पितळी पाटीवर एकूण दहा गोष्टी कोरलेल्या होत्या. त्या मी पहिल्याच दिवशी मोजल्या. त्यांपैकी चार खऱ्या निघाल्या: विजयसिंह हे नाव, सरनोबत हे आडनाव, 'निर्मितीप्रमुख' हा हुद्दा आणि 'चपला बाहेर काढाव्यात' ही विनंती. उरलेल्या सहा अशा: शोधपत्रकार, गुन्हेविश्लेषक, मनोवेधक, पदचिन्हवाचक, हस्ताक्षरतज्ज्ञ आणि करवीर नगरीचा तिसरा डोळा. पहिल्या दोन डोळ्यांना चष्मा होता. तो साहेब दिवसातला बराच वेळ शोधत असत आणि मग कपाळावरून खाली ओढत असत.

मुलाखतीत त्यांनी मला काहीच विचारलं नाही. स्वतःबद्दल मात्र पाऊण तास सांगितलं.

"माझ्यापासून काही लपत नाही," ते म्हणाले. "तुम्ही आत पाऊल टाकलंत तेव्हाच मी तीन गोष्टी ओळखल्या. तुम्ही विज्ञान शाखेच्या आहात. जयसिंगपूरहून आलाय. आणि येताना पोहे खाल्लेत."

पहिली गोष्ट त्यांच्या हातातल्या माझ्या अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलेली होती. जयसिंगपूरला मी आयुष्यात एकदा गेले आहे, मावसबहिणीच्या लग्नाला. आणि त्या दिवशी माझा रोजा होता. तिनांत एक बरोबर, तेही कुठंतरी लिहून ठेवलेलं असेल तर, हे प्रमाण पुढची दोन वर्षं मी अधूनमधून तपासत राहिले. ते बदललं नाही.

मी तहरीम शिकलगार. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं, आणि भौतिकशास्त्राला कोल्हापुरात फारशी मागणी नाही असं लक्षात आल्यावर 'पंचधारा' या केबलवरच्या वाहिनीत सहायक निर्माती झाले. आमचा कार्यक्रम 'सडेतोड सप्ताह'. चालू घडामोडींवर आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री आठला, बेचाळीस मिनिटं. निर्मितीचं नेतृत्व साहेबांकडे होतं, म्हणजे ते दिशा देत. विषय शोधणं, पाहुणे ठरवणं, त्यांना गाडी पाठवणं, खुर्च्या लावणं, माहिती पडताळणं आणि एडिटिंगला बसणं ही कामं दिशेच्या खाली येत असल्यामुळे ती माझ्याकडे होती. कॅमेरा दिलदार बघायचा. सूत्रसंचालन साहेब स्वतः करत, कारण त्यांच्या मते जिल्ह्यात दुसरा चेहराच नव्हता.

तपासाची आवड त्यांना पहिल्यापासून. मी यायच्या आधी त्यांनी 'तिवईचं गूढ' उकललं होतं. कॅमेऱ्याची हरवलेली तिवई आठ दिवसांच्या शोधानंतर सापडली, त्यांच्याच गाडीच्या डिकीत. चोरानं घाबरून ती तिथं आणून ठेवली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्या हिवाळ्यात आम्ही 'मुक्कामी गाडी कुणाची?' अशी पाच भागांची मालिका धरली. राधानगरीकडच्या डोंगरात करंजघोल आणि माळपिंपळ अशी दोन गावं आहेत. दोघांच्या मध्ये एक ओढा आणि तीन पिढ्यांची खुन्नस. तिकडं रोज संध्याकाळी एकच एसटी जाते, रात्री मुक्काम करते आणि पहाटे निघते. ज्या गावात मुक्काम, त्या गावाच्या पोरांना दारात गाडी. दुसऱ्या गावाच्या पोरांना ओढा ओलांडून अंधारातून यायचं. आजवर मुक्काम करंजघोलात होता. आता तो माळपिंपळला हवा होता. आगाराचं म्हणणं असं की दोन्ही गावांनी मिळून अर्ज द्यावा, नाहीतर ही कटकट नको, मुक्कामच बंद करू.

करंजघोलच्या बाजूनं बोलायला यायचे पिराजी तात्या, माजी सरपंच, दोन एकर भात आणि भरपूर आवाज. माळपिंपळकडून यायच्या आक्का, सध्याच्या सरपंच. त्यांचं खरं नाव निवडणुकीच्या कागदांवर असेल. गावात, तालुक्यात आणि आमच्या पडद्यावरच्या पट्टीवर त्या आक्काच.

पहिला भाग असा झाला की साहेबांनी नंतर स्टुडिओच्या जमिनीला हात लावून नमस्कार केला. आक्का म्हणाल्या, करंजघोलात गाडी ठेवली तर सकाळी नुसता सांगाडा मिळंल, टायर भाताच्या मळणीला गेलेले असत्याल. तात्या म्हणाले, माळपिंपळात ड्रायवरला झोपायला जागा कुठं हाय, तिथं ढेकणं बी उभ्यानंच झोपत्यात. माझ्याकडे आवाज मोजायचं एक छोटं यंत्र आहे, एमएस्सीच्या प्रकल्पाला घेतलेलं. ते ९८ डेसिबलपर्यंत गेलं. दुसऱ्या भागात ९६. वाहिनीचे मालक यशराज दादा, ज्यांचा मूळ धंदा पाण्याच्या पंपांचा, त्यांनी स्वतः येऊन पेढे वाटले.

तिसऱ्या भागात यंत्र ६१च्या वर गेलं नाही. पंगतीत शेजारच्याला 'जरा आमटी सरकवा' म्हणताना माणूस बोलतो, तेवढा हा आवाज. साहेबांनी तीन वेळा विचारलं, गाडी कुणाची. आक्का म्हणाल्या, बघू की. तात्या म्हणाले, आक्का म्हनत्यात त्यात बी तथ्य हाय.

'सडेतोड सप्ताह'च्या इतिहासात हे वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. साहेबांच्या हातातले मुद्द्यांचे कागद खाली पडले. दिलदारनं कॅमेरा बंद पडला की काय म्हणून तपासला.

सोमवारी यशराज दादांचा फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला, कारण महत्त्वाची माणसं आपल्याला फोन करतात हे सगळ्यांना कळावं अशी त्यांची पद्धत होती.

"सायेब, लोकं रविवारी बातम्या बघायला बसत न्हाईत," दादा म्हणाले. "भांडण बघायला बसत्यात. मधनं मधनं माझा पंप बघत्यात. दोन रविवार देतो. भांडण न्हाय दिसलं तर आठचा स्लॉट गुडघ्याच्या तेलाला दिला. तुमची सगळी टीम मग दुसरीकडं बघा म्हणावं."

सगळी टीम म्हणजे आठ माणसं. दिलदारच्या दोन मुली शाळेत होत्या. माझ्या अब्बूंनी माझ्या नोकरीचं कौतुक मोहल्ल्यात इतक्या ठिकाणी केलं होतं की ती गेली असती तर आम्हाला घर बदलावं लागलं असतं.

साहेबांनी स्पीकर बंद केला, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले. खिडकीबाहेर भिंत होती.

"तहरीम," ते म्हणाले, "भांडण संपत नसतं. तीन पिढ्यांचं भांडण आठवड्यात कुठं जाईल? ते चोरीला गेलंय."

मी म्हटलं, आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात काय काय बदललं ते बघू. प्रयोगशाळेत आम्ही असंच करतो. एक एक बदल उलटा फिरवायचा आणि परिणाम मोजायचा. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की थोड्याच वेळात ती त्यांची झाली.

बदल शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तिसऱ्या भागापासून साहेबांनी काटकसर सुरू केली होती. चहा टपरी बदलून स्वस्ताचा आणला होता, तोही अर्धा कप. एसी अठरावरून सव्वीसवर नेला होता. पाहुण्यांच्या लाकडी खुर्च्या भाड्याच्या होत्या, त्या परत करून कुणाच्या तरी बंगल्यातून निघालेला मऊ सोफा आणला होता. पावडर फक्त कपाळाला लावायची असं ठरलं होतं, आणि दोन गावांना दोन गाड्या पाठवण्याऐवजी एकच. मी स्टुडिओतल्या चार गोष्टी तपासायला घेतल्या.

साहेबांचा पहिला संशय चहावर. नव्या टपरीवाल्याला प्रतिस्पर्धी वाहिनीनं फोडलं असून चहात गुंगीचं काहीतरी आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. नमुना त्यांनी माझ्याकडे दिला. मी म्हटलं, माझा विषय भौतिकशास्त्र, मी फार तर त्याची घनता सांगेन. मग त्यांनी तो स्वतःवर तपासायचं ठरवलं आणि दुपारभरात बरेच कप प्यायले. संध्याकाळपर्यंत ते लिफ्टवाल्याशी, झेरॉक्सवाल्याशी आणि खाली पार्किंगमध्ये एका निर्जीव स्कूटरशी भांडले होते. चहात गुंगी नसल्याचं सिद्ध झालं.

दुसरा संशय दिलदारवर. त्याचा मेहुणा प्रतिस्पर्धी वाहिनीच्या ऑफिसात रोज जातो, अशी पक्की खबर साहेबांनी आणली. दिलदारला केबिनमध्ये बोलावून दिवा त्याच्या तोंडावर फिरवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर दिवे मारणाऱ्या दिलदारनं तो दिवा जरा डावीकडे घ्यायला सांगितला, नाकाची सावली पडतीय म्हणून. मेहुणा तिथं काय करतो, असं साहेबांनी कडक आवाजात विचारलं.

"पाण्याचे जार पोचवतोय," दिलदार म्हणाला. "आपल्याकडं बी तोच पोचवतोय. काल तुम्हीच त्याला सुट्टं न्हाईत म्हणून परत लावलासा."

तिसरा संशय माझा, एसीवरचा, तो मी प्रामाणिकपणे नोंदवते. माणूस तापला की भांडतो, गारठला की गप्प बसतो, हे मला पटण्यासारखं वाटलं. पण सव्वीस अंश अठरापेक्षा उबदार असतात, हे माझ्या लक्षात यायला पूर्ण एक दिवस गेला. मग मी उलटा सिद्धांत मांडला, की उबेनं सुस्ती येते. चौथ्या भागाच्या रेकॉर्डिंगला एसी सोळावर ठेवला आणि सोफ्याऐवजी लोखंडी स्टुलं लावली, पाठ टेकायला काही नाही अशी. आक्कांनी पदर डोक्यावरून घेतला. तात्यांनी कानाला मफलर बांधला आणि दुसरा मफलर पिशवीतून काढून आक्कांना दिला. मग दोघं मफलर बांधून मान हलवत बसले. ५८ डेसिबल. त्यातले काही एसीचे होते.

तो रविवार गेला. आता एकच उरला.

"विज्ञान हरलं," साहेब जाहीर करते झाले. "आता पाळत."

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात गेलो. साहेबांनी वेषांतर केलं होतं. धोतर, बाराबंदी, खांद्यावर घोंगडं, डोक्याला गुलाबी पटका आणि पायात ऑफिसचे बूट. माळपिंपळच्या फाट्यावर चहाची एक टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर ते पाठ करून बसले आणि हातातल्या वर्तमानपत्राला बघायला दोन भोकं पाडली. वाचणाऱ्यांना तिकडं वर्तमानपत्र दुपारनंतर मिळतं. सकाळी नऊला ते उघडून बसलेला मेंढपाळ बघायला थोड्याच वेळात बऱ्यापैकी माणसं जमली.

"पावणं, कुठलं?" कुणीतरी विचारलं.

साहेबांनी आवाज बदलून सांगितलं की ते शाहूवाडीचे, मेंढरं घेऊन आलेत.

"मेंढरं कुठं हायती?"

"मागनं येत्यात."

तेवढ्यात पिराजी तात्या आले, चहा सांगितला आणि बसता बसता म्हणाले, "सरनोबत सायेब, पटका उलटा बांधलाय. शेमला पुढं आलाय, चहात बुडंल."

साहेबांनी मान वळवली नाही. ओळख पटल्याचा पुरावा दिला नाही की ओळख पटत नाही, असं त्यांचं शास्त्र सांगतं. पण पाळतीचं फळ मिळालं. थोड्या वेळानं आक्का आल्या आणि तात्यांनी त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली एक बाटली दिली. काळपट, दाट द्रव. आक्कांनी ती पदराआड धरली. साहेबांनी वर्तमानपत्राच्या भोकातून माझ्याकडे बघितलं. त्या एका डोळ्यात विजय होता.

त्या गेल्यावर मी तात्यांना सरळ विचारलं. काकवी होती. गुऱ्हाळ सुरू झालं होतं, आक्कांच्या नातीला आवडते म्हणून आणली होती. माझ्यासाठीही एक होती, ती त्यांनी दिली. परतीच्या वाटेवर साहेबांनी ती पुराव्याची बाटली म्हणून स्वतःकडे ठेवली. कोल्हापुरात पोचेपर्यंत ती अर्धी झाली होती. चव घेतल्याशिवाय विष ओळखता येत नाही, असं ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी रहस्यभेद करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तात्या आणि आक्का यांना मुद्दाम गाडी पाठवून बोलावून घेतलं. दोघांना सोफ्यावर बसवलं, दिलदारला एका कोपऱ्यात, मला दुसऱ्या. सगळे दिवे लावले. साहेब मागे हात बांधून येरझारा घालू लागले.

"या खोलीत," ते म्हणाले, "एक चोर आहे."

तात्यांनी पिशवी जवळ ओढली.

पुढची काही मिनिटं साहेबांनी कट उलगडला. तो असा: प्रतिस्पर्धी वाहिनीनं पाण्याच्या जारवाल्यामार्फत दिलदारला गाठलं, दिलदारनं गुऱ्हाळवाल्याला गाठलं, आणि काकवीच्या रूपानं दोन्ही पक्षांची तोंडं गोड करून त्यांच्यातला मूळचा कडवटपणा शास्त्रीय पद्धतीनं नाहीसा करण्यात आला. हे सांगताना त्यांनी दोनदा माझ्याकडे बोट दाखवलं आणि 'शास्त्रीय' या शब्दाला मी साक्षीदार असल्याचा भास निर्माण केला. शेवटी ते दिलदारसमोर थांबले आणि म्हणाले, बोल, भांडण कुठं लपवलंस?

"सायेब," आक्का मधेच म्हणाल्या, "भांडण गाडीतच झालं की आमचं."

साहेब वळले.

"कुठल्या गाडीत?"

"तुमीच धाडता ती. त्या येळंपास्नं एकच गाडी धाडायला लागलासा न्हवं का. मी फाट्यावर उभा हुतो, बघतो तर ह्यो पिराजी आधीच पुढच्या शिटावर. आता सरपंच मी. पुढं बसायचा मान कुणाचा?"

"माजी असलो म्हणून काय झालं," तात्या म्हणाले. "वयानं मोठा हाय की मी."

"तर तिथनं लागलं," आक्का सांगू लागल्या. ड्रायव्हरनं किल्ली काढून खिशात घातली आणि म्हणाला, मिटवा, मग निघू. मिटेना. तिथंच गाडीपाशी उभं राहून आधी सीटचं भांडण झालं, मग ओढ्याचं, मग सन बहात्तरच्या कुणाच्या तरी म्हशीचं. शेवटी ठरलं, जाताना तात्या पुढं, येताना आक्का. गाडी निघाली. पण राधानगरीपासून कोल्हापूर म्हणजे काही थोडं अंतर नव्हे आणि बोलायला दुसरा विषय नव्हता, म्हणून मुक्कामी गाडीचं भांडण सुरू झालं. भोगावती नदी ओलांडली तोवर दोघांचेही मुद्दे संपले. घसे बसले. मग दोघांनी एका ठिकाणी थांबून वडा खाल्ला.

"परत येताना मीच म्हनलो," तात्या म्हणाले, "आक्का, शीट वाटून घेतली तशी गाडी वाटून घ्यायला काय हुतंय. एक आठवडा मुक्काम तुमच्यात, एक आठवडा आमच्यात. अर्ज बी लिहून ठेवलाय. माझी सही झाली, आक्कांची तेवढी व्हायची हाय. त्यांनी गावाला इचारतो म्हनलंय."

मी विचारलं, मग हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर का नाही सांगितलं? दोन भाग झाले.

आक्कांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. "विचारलं कुठं, पोरी? सायेब विचारत्यात, गाडी कुणाची. गाडी सरकारची. म्होरं काय बोलायचं माणसानं?"

प्रयोगाची हद्द मी स्टुडिओच्या दारापाशी आखली होती, म्हणून पाचवा बदल माझ्या हिशेबात आलाच नव्हता. साहेब सावकाश खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे एक गाडी पाठवायचा हुकूम माझा," ते म्हणाले. "म्हणजे गुन्हेगार मीच. मला पहिल्यापासून संशय होता."

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, साहेब, हा तर सोन्यासारखा भाग आहे. तीन पिढ्यांचं भांडण एका सीटवरून मिटलं. उद्या दोघांना बसवू, अर्ज दाखवू, आक्का समोरच सही करतील. सोमवारी आगारात देतील. चालू घडामोड म्हणतात ती हीच असावी.

साहेबांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. "ही बातमी आहे," ते म्हणाले. "एका मिनिटाची. उरलेली एक्केचाळीस मिनिटं मी काय दाखवू, सोफा?"

मी यशराज दादांना विचारून बघायचा आग्रह धरला. साहेबांनी फोन लावला. दादांनी सगळं ऐकलं, हसले, दोन्ही गावांचं मनापासून कौतुक केलं आणि गुडघ्याच्या तेलवाल्याचा माणूस समोरच बसलाय असं सांगितलं.

त्यानंतर साहेबांनी जी कार्यक्षमता दाखवली, ती मी आधी कधी बघितली नव्हती. गाड्या दोन, निघायच्या वेळा वेगळ्या, बसायच्या खोल्या वेगळ्या. आणि रोज संध्याकाळी एक प्रोमो. त्यात पहिल्या भागातली दोनच वाक्यं घ्यायची होती: सांगाडा आणि ढेकणं. खाली मोठ्या अक्षरांत 'पुन्हा पेटणार?'. प्रश्नचिन्ह त्यांनी स्वतः सुचवलं. प्रश्नचिन्ह लावलं की आपण फक्त विचारलेलं असतं, म्हणाले. एडिटिंगला मी बसले होते. कोपऱ्यात मी 'जुनं चित्रण' अशी अक्षरं टाकली. साहेबांनी ती काढायला लावली, तिथं दादांच्या पंपाचं चित्र येत होतं.

प्रोमो एका दिवसात दोन्ही गावांतल्या सगळ्या मोबाईलवर पोचला. करंजघोलच्या पोरांनी ढेकणांची गाणी केली. माळपिंपळच्या पोरांनी एसटीच्या सांगाड्याचं चित्र काढलं आणि ओढ्याच्या पुलावर लावलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन गाड्या आल्या. प्रत्येकीत मागच्या बाजूला गावची माणसं दाटीनं बसलेली होती. तात्या आणि आक्का आपापल्या गाडीत पुढच्या सीटवर होते.

आक्कांना मी त्यांच्या खोलीत पाणी द्यायला गेले. त्या एकट्याच होत्या. बरोबरची माणसं खाली चहाला गेली होती.

"पिराजी परत तसं म्हनला काय गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. ते पहिल्या दिवशीचं आहे. जुनं आहे.

"ते मला ठाव हाय की," आक्का म्हणाल्या. "मी समोरच हुतो. गावाला कुठं ठाव हाय." त्यांनी पाणी प्यायलं, पेला माझ्या हातात दिला आणि पदर खोचला. "चल. पोरं बघत असत्याल."

पाचव्या भागाबद्दल मी फार सांगणार नाही, जिल्ह्यानं तो बघितलेला आहे. तात्यांच्या मागे त्यांचं गाव उभं होतं आणि आक्कांच्या मागे त्यांचं. तात्या म्हणाले, ह्या बाईच्या शब्दावर इस्वास ठिवला हीच चूक झाली. हे म्हणताना ते आक्कांकडे बघत नव्हते. आक्का म्हणाल्या, तुझ्या अर्जावर सही करतो व्हय, जा, वाट बघत बस. मागून टाळ्या पडल्या, मग शिट्ट्या, मग कुणीतरी स्टूल उचललं. साहेब दोघांच्या मधे हात पसरून उभे होते आणि शांतता राखा असं इतक्या खालच्या आवाजात म्हणत होते की ते फक्त त्यांच्या माईकला ऐकू गेलं. दिलदारनं कॅमेरा हलू दिला नाही.

रविवारी रात्रीच दादांचा फोन आला. कार्यक्रमाला पुढचे सहा महिने मिळाले, आठही माणसं राहिली आणि साहेबांचा पगार वाढला. 'चोरीला गेलेलं भांडण परत मिळवून देणारा निर्मितीप्रमुख' म्हणून एका तरुण मंडळानं त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. भाषणात त्यांनी तपासातल्या अडचणी सांगितल्या.

आगारानं मुक्काम बंद केला. गाडी आता पहाटे आगारातून सुटते, आत गावांकडे वळत नाही आणि मुख्य रस्त्यावरच्या फाट्याला थांबते.

पुढच्या शनिवारी माझी सुट्टी होती. मी पहाटे करंजघोलला गेले आणि मुलांबरोबर चालले. ओढ्यापाशी माळपिंपळची मुलं भेटली, ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत होती. पाचव्या भागातला सर्वोच्च आवाज १०३ डेसिबल होता. करंजघोल ते फाटा हे अंतर ६.४ किलोमीटर भरलं. फाट्यावर पोचायला एक तास एकोणतीस मिनिटं लागली.